जुन्या पिकअपच्या बदल्यात वापरलेली पिकअप घेताना

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो न नासता व वेळेवर बाजारात पोचविणे महत्त्वाचे होय. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, नाशिक व सांगलीकडील द्राक्षे, किंवा वाशीच्या बाजारात जाणारा भाजीपाला, यांपैकी कोणताही माल घेतला तरी त्याचा भाव पुष्कळदा गाडी किती वाजता पोचली यावर ठरतो. म्हणूनच गेल्या वीस वर्षांत बैलगाडी व ट्रॅक्टर-ट्रॉली यांच्या जोडीला पिकअप ही छोटी मालमोटार खेडोपाडी आली आहे.

गाडी सात-आठ वर्षांची झाली की दुरुस्तीचा खर्च वाढू लागतो, आणि ती देऊन तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी घ्यावी असा विचार मनात येतो. वापरलेल्या गाड्यांचा व्यापारीही ‘तुमची गाडी आणा, वरचा फरक द्या, दुसरी घेऊन जा’ असे सांगतो. हा व्यवहार दिसण्यास सोपा असला तरी प्रत्यक्षात तो एक नसून दोन व्यवहार आहेत. जुनी गाडी विकणे हा पहिला, आणि दुसरी विकत घेणे हा दुसरा. या दोहोंचा हिशेब व कागदपत्रे वेगवेगळी ठेवली तर फसगतीचे बहुतेक मार्ग बंद होतात. तसे न केल्यास पैशाचे नुकसान तर होतेच, शिवाय विकून टाकलेल्या गाडीच्या अपघाताची जबाबदारीही अंगावर येऊ शकते.

बदल करणे खरोखर परवडते काय?

प्रथम हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे घालून तो स्वतः करून पाहावा.

समजा, गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर चालते. जुनी गाडी एका लिटर डिझेलमध्ये १२ किलोमीटर जाते व घ्यावयाची गाडी १४ किलोमीटर जाते. डिझेलचा दर ९० रुपये धरू. बदलामुळे होणारी वर्षाची बचत अशी :

(१) डिझेल : १,५०० लिटरऐवजी १,२८६ लिटर. बचत २१४ लिटर, म्हणजे १९,२६० रुपये.
(२) दुरुस्ती : ७०,००० ऐवजी ३५,००० रुपये. बचत ३५,००० रुपये.
(३) खोळंबा : गाडी बंद पडण्याचे दिवस ८ ने कमी झाले व अशा दिवशी भाड्याच्या गाडीचा जादा खर्च १,५०० रुपये धरला, तर बचत १२,००० रुपये.

एकूण बचत ६६,२६० रुपये.

आता खर्चाची बाजू पाहू. दोन गाड्यांच्या किमतींतील फरक २,६०,००० रुपये, आणि नाव बदलणे, टायर, तेल, फिल्टर असा सुरुवातीचा खर्च २५,००० रुपये, असे मिळून २,८५,००० रुपये आज घालावे लागतात. हे सगळेच खर्ची पडत नाहीत. पाच वर्षांनंतर घेतलेल्या गाडीस २,८०,००० रुपये येतील, आणि जुनीच ठेवली असती तर तिला १,००,००० रुपये आले असते, असे धरल्यास १,८०,००० रुपये शिल्लक राहतात. म्हणून वर्षाचा खर्च असा :

(१) घसारा : उरलेले १,०५,००० रुपये पाच वर्षांत वाटून २१,००० रुपये.
(२) व्याज : गुंतलेली सरासरी रक्कम २,३२,५०० रुपये, तीवर १२ टक्क्यांनी २७,९०० रुपये.
(३) विम्याचा जादा हप्ता : ६,००० रुपये.

एकूण खर्च ५४,९०० रुपये. म्हणजे वर्षाकाठी ११,३६० रुपयांचा फायदा होतो.

परंतु हीच गाडी वर्षाला ८,००० किलोमीटरच चालत असेल तर चित्र पालटते. बचत चालण्याच्या प्रमाणात कमी होऊन सुमारे २९,००० रुपयांवर येते. घसारा, व्याज व विमा मात्र जवळजवळ तेवढेच राहतात. मग वर्षाला सुमारे २५,००० रुपयांचा तोटा पदरी पडतो. या उदाहरणात सुमारे १५,००० किलोमीटर ही सीमारेषा ठरते. स्वतःच्या शिलकीतून पैसे घातले तरी व्याज धरावेच. तो पैसा ठिबक संचासाठी किंवा गाईसाठी वापरता आला असता हे विसरू नये.

जुन्या गाडीचा दोष एकाच भागात असेल, उदाहरणार्थ क्लच किंवा पंप, व सांगाडा आणि इंजिन धड असेल, तर तो भाग बदलून आणखी दोन हंगाम काढणे पुष्कळदा स्वस्त पडते. उलट सांगाड्यास भेग पडली असेल किंवा गंजाने तो पोखरला असेल, तर अशा गाडीवर पैसे घालीत राहणे इष्ट नव्हे.

फरकाची रक्कम हीच खरी किंमत

व्यापारी जुन्या गाडीची किंमत वाढवून सांगतो तेव्हा समाधान वाटते. परंतु तीच वाढ तो दुसऱ्या गाडीच्या किमतीत मिळवू शकतो. गावात किंवा तालुक्यात जुन्या गाडीस रोख २,५०,००० रुपये मिळत आहेत, आणि व्यापारी बदलीत २,६०,००० रुपये धरतो, असे समजा. मात्र जी गाडी तो रोखीने ५,१०,००० रुपयांस देईल, तीच बदलीत ५,४०,००० रुपयांस सांगतो. बदलीत खिशातून २,८०,००० रुपये जातात. दोन्ही व्यवहार निराळे केल्यास २,६०,००० रुपये. दहा हजार जास्त मिळाल्यासारखे वाटले, पण प्रत्यक्षात वीस हजार गेले.

यास्तव प्रथम जुन्या गाडीची किंमत दोन-तीन ठिकाणी विचारून लिहून ठेवावी. नंतर, बदलीचा विषय न काढता, हव्या असलेल्या गाडीची रोख किंमत विचारावी. शेवटी बदलीची गोष्ट काढून केवळ फरकाची रक्कम ताडून पाहावी. खरेदीदार शोधण्याचा त्रास वाचतो म्हणून व्यापाऱ्यास थोडे जास्त देणे गैर नाही. मात्र किती जास्त देत आहोत हे ठाऊक असावे.

नव्या कोऱ्या गाडीचा आजचा भावही विचारून ठेवावा. मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या भावाचा दाखला देऊन कोणी वापरलेल्या गाडीची किंमत चढी सांगत असेल, तर ती मान्य करण्याचे कारण नाही.

हंगाम ऐन भरात असताना गाडी बंद पडली आणि घाईने दुसरी घ्यावयास निघाले, तर घासाघीस करण्यास वाव राहत नाही. काढणीपूर्वी दोन-तीन महिने हा विचार करावा.

गाडी कशी पारखावी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. पाहण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले आढळल्यास पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. शक्य तर आपल्या विश्वासातील मेस्त्री बरोबर न्यावा. व्यापाऱ्याने सुचविलेला नव्हे.

सांगाडा व हौदा. गाडीखाली वाकून दोन्ही बाजूंचे लांब पट्टे टोकापासून टोकापर्यंत पाहावेत. वेल्डिंगचे जोड, भेगा, वाकलेला भाग किंवा नुकताच फासलेला जाड काळा रंग दिसल्यास संशय घ्यावा. रासायनिक खते वाहणाऱ्या, मासळी वाहणाऱ्या व किनाऱ्यालगत वापरलेल्या गाड्यांना गंज लवकर लागतो. हौद्याच्या तळाशी व कोपऱ्यांत हातोडीने हलके ठोकून पाहावे. गंजलेला पत्रा बद्द वाजतो.

पाटे व टायर. मूळ पाट्यांत जादा पाटे घातलेले असल्यास गाडीने क्षमतेपेक्षा अधिक ओझे वाहिले आहे असे समजावे. अशा गाडीचे इंजिन, क्लच, ब्रेक व मागील आसाची पेटी यांवरही ताण पडलेला असतो. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर चाकांची जुळणी बिघडली आहे किंवा पूर्वी अपघात झाला आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर होय. नक्षी शिल्लक असली तरी रबरास भेगा पडलेला जुना टायर बदलावाच लागतो.

इंजिन. थंड इंजिन फार वेळ न घुरघुरता चालू झाले पाहिजे. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन तेल जळत आहे. ओझ्याखाली दाट काळा धूर येत असेल तर इंधनाचा किंवा हवेचा पुरवठा बिघडला आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत जात असण्याचा किंवा इंधन नीट जळत नसल्याचा संभव असतो. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण जपून काढावे. तेथून जोराने वाफेसारखी हवा बाहेर येत असेल तर पिस्टन व कड्या झिजल्या आहेत. तेलात दुधाळ फेस दिसल्यास गाडी घेऊ नये.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-सहा हे धूरनियंत्रणाचे मानक लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत संवेदक व विद्युत-नियंत्रण अधिक आहे, आणि त्यांची दुरुस्ती प्रत्येक खेड्यातील गॅरेजमध्ये होत नाही. चावी फिरविताच इंजिनाची सूचक दिवटी लागली पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझली पाहिजे. दिवटी मुळीच लागत नसेल तर दोष लपविण्यासाठी ती काढून टाकली असण्याचा संभव असतो. अधिकृत सेवाकेंद्रात संगणक जोडून दोषांची नोंद पाहून घ्यावी.

चालविताना. गाडी दहा-पंधरा किलोमीटर, एखाद्या चढावरून, आणि शक्य तर ओझे भरून चालवावी. चढावर इंजिनाचा वेग वाढून गाडीचा वेग वाढत नसेल तर क्लच घसरत आहे. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलके धरल्यास गाडी एका बाजूस ओढली जाऊ नये. मागील आसातून येणारा घोंघावणारा आवाज खर्चाची सूचना देतो.

किलोमीटरचा आकडा. हा आकडा मागे फिरविता येतो, म्हणून त्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. सेवाकेंद्राच्या नोंदी मागाव्यात; त्यांत तारखेगणिक किलोमीटर असतात. पेडलचे रबर, स्टिअरिंग व चालकाची गादी झिजून गुळगुळीत झाली आहे आणि आकडा मात्र ४०,००० दाखवितो, तर तो खरा नव्हे.

आपल्या मालास पुरेशी आहे काय?

नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन व भरल्यावरचे एकूण कमाल वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे माल व माणसे मिळून वाहण्याची क्षमता. २० किलो टोमॅटोचे ६५ क्रेट म्हणजे माल १,३०० किलो झाला. त्यात रिकाम्या क्रेटचे व बसणाऱ्या माणसांचे वजन मिळवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा ओझ्यासाठी २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे. एका फेरीत वाचविलेले भाडे अशा एका दंडात जाते. म्हणून केवळ स्वस्त मिळते म्हणून लहान गाडी घेऊ नये; तसेच आठवड्यातून एक फेरी असताना मोठी गाडीही घेऊ नये. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असलेल्या मालगाडीस परवाना लागतो. तो आहे की नाही व आपल्या नावे होईल की नाही, हे आधीच पाहावे.

घ्यावयाच्या गाडीची कागदपत्रे

विसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

(१) नोंदणी पुस्तकातील इंजिन व सांगाडा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी आकड्यागणिक जुळतात काय. क्रमांकाजवळ घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.
(२) परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकाचे नाव, कर, विमा व योग्यता प्रमाणपत्र यांची मुदत, तसेच थकलेले ई-चलन.
(३) बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा. कर्ज फिटले असल्यास वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ व ना-हरकत पत्र मिळाले पाहिजे. ‘नंतर आणून देतो’ हे उत्तर मान्य करू नये.
(४) योग्यता प्रमाणपत्र. मालगाडीस आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. आठ वर्षे पुरी होत आलेली गाडी घेताना हा खर्च व खेटा हिशेबात धरावा.
(५) गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या कार्यालयात नोंदलेली असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र. परराज्यातील गाडीस येथील कर व नवा क्रमांक यांचा खर्च पडतो. तेवढा जमेस धरला की तिचा स्वस्तपणा पुष्कळदा उरत नाही.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळविले पाहिजे. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करावा. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर चालत येतो. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. विमा जुन्या मालकाच्या नावे असताना गाडी उलटली, तर आपल्या हाती काही लागत नाही.

दिलेल्या गाडीची जबाबदारी

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. नवी आलेली गाडी पाहण्याच्या आनंदात दिलेल्या गाडीकडे दुर्लक्ष होते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून चावी व्यापाऱ्याच्या हाती दिली जाते. तो ती दुसऱ्यास विकतो, दुसरा तिसऱ्यास. नोंदणी पुस्तकावर नाव मात्र पहिल्या मालकाचेच राहते.

अशा गाडीने कोणास ठोकर दिली तर भरपाई कोणी द्यावयाची? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. गाडी प्रत्यक्षात विकली व ती कित्येकांच्या हातून गेली तरी नाव बदलले नसेल तर अपघातग्रस्ताची भरपाई त्याच्यावर येते. अपघातग्रस्ताने मालकांच्या साखळीचा माग काढीत फिरावे, हे कायद्यास अभिप्रेत नाही. गाडीचा विमा संपलेला असेल तर ही रक्कम लाखांच्या घरात जाऊन जमिनीवर बोजा चढण्याची पाळी येऊ शकते. केवळ पाच-पन्नास रुपयांच्या कागदाचा व तासाभराच्या खेट्याचा कंटाळा केल्याने असे संकट ओढवते.

ते टाळण्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

(१) १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास नोंदणी प्राधिकरणाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाहिल्याशिवाय गाडी देऊ नये.
(२) प्राधिकृत व्यापाऱ्यास गाडी देताना नमुना २९-सी मधील सूचना संकेतस्थळावर करावी. त्यामुळे गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. पोच छापून जपून ठेवावी.
(३) परस्पर दुसऱ्या शेतकऱ्यास विकल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावे. नातलग किंवा गावकरी आहे म्हणून हे टाळू नये.
(४) कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख व वेळ लिहून ताबापावती करावी व दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती तिला जोडाव्यात.
(५) जुन्या गाडीवर कर्ज शिल्लक असल्यास व्यापारी ते फेडील या भरवशावर राहू नये. बँकेकडून शिलकीचे पत्र घेऊन रक्कम थेट कर्जखात्यात भरली गेल्याची पावती घ्यावी.
(६) जुन्या विम्यात दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. विमा कंपनीकडून तिचे पत्र घेऊन ती दुसऱ्या गाडीच्या हप्त्यात वळवून घ्यावी.
(७) महिन्याभराने ‘वाहन’ संकेतस्थळावर जुन्या क्रमांकाची नोंद पाहावी. आपले नाव तेथून गेले म्हणजेच व्यवहार पुरा झाला असे समजावे.

समारोप

गाडी हे शेतीचे अवजार आहे. ज्याप्रमाणे बैल घेताना दात, खूर व चाल पाहून आणि चार माणसांस विचारून सौदा होतो, त्याचप्रमाणे गाडी घेतानाही स्वस्थपणे पारख व्हावी. वर्षाचे किलोमीटर मोजून बदल परवडतो की नाही हे ठरवावे, दोन्ही गाड्यांच्या किमती निरनिराळ्या काढाव्यात, थंड इंजिन व उघडा सांगाडा पाहूनच विसार द्यावा, आणि घेतलेल्या गाडीवर आपले नाव चढविण्याइतकीच घाई दिलेल्या गाडीवरून आपले नाव उतरविण्याची करावी. एवढी दक्षता शेतकरी बंधु-भगिनींनी घेतल्यास गाडी बदलण्याचा व्यवहार फायद्याचा ठरेल व घामाच्या पैशाचे चीज होईल.